मिठाला जागणे आणि पाडव्याचे साल

“मॅडम, मी कंपनी सोडली तर निमकहराम ठरेन का?” वाळूजच्या एका कारखान्यात नऊ वर्षे कंत्राटी काम केलेल्या, पैठण तालुक्यातील एका गृहस्थांनी पोळ्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्यावर हा प्रश्न विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) शेंद्र्याला त्यांना जास्त पगाराचे काम मिळत होते, तरी पंधरा दिवस झोप उडाली होती. ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांकडून हा प्रश्न मी अनेकदा ऐकते.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. “कंपनी तुम्हाला आपले मानत नाही, मग तुम्ही का मानता?” असे मी म्हणाले आणि ते गप्पच झाले, ज्या नऊ वर्षांचा त्यांना अभिमान होता, ती मी एका वाक्यात फुकट ठरवली होती. दुसऱ्या भेटीत मी त्यांना एवढेच लिहायला सांगितले, की सोडून जाताना नेमके कोणाला तोंड दाखवणे अवघड वाटते. चार ठेकेदार बदलले होते, त्यांपैकी एकाचेही नाव कागदावर आले नाही. आले ते हाताला धरून प्रेस मशीन शिकवणाऱ्या सुपरवायझरचे. एका माणसाचे ऋण ते सगळ्या कारखान्याच्या नावावर मांडत होते.

त्यांचे वडील सालगडी होते, आणि मिठाला जागण्याची शिकवण तिथूनच आलेली. म्हणून मी विचारले, “वडिलांनी कधी मालक बदलला होता का?” त्यांना ठाऊक नव्हते. घरी विचारून आले, तेव्हा चेहरा जरा मोकळा होता. वडिलांनी तीनदा मालक बदलला होता, आणि दर गुढीपाडव्याला साल ठरवताना धान्य किती, उचल किती, हे ते स्पष्ट बोलून घेत. “सालभर मालकाचा व्हतो, पाडव्याला माझा मी,” असे म्हातारबाबा म्हणाले म्हणे. इमानदार माणूसही दरवर्षी हिशेब करून नवा शब्द देतो, हे मला त्यांना इतक्या नेमकेपणाने सांगता आले नसते.

पुढचे काम समुपदेशनाच्या चौकटीबाहेरचे होते, तरी मी ते टाळत नाही. यूएएन (भविष्यनिर्वाह निधीचा कायमचा क्रमांक) एकच असला, तरी पहिले दोन ठेकेदार गेल्यावर त्यांनी भविष्यनिर्वाह निधी निवृत्तिवेतनाच्या भागासह पूर्ण काढून घेतला होता, त्यामुळे निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या १० वर्षांच्या सेवेत ती वर्षे धरली जाणार नव्हती. या वेळी पैसे न काढता खाते नव्या कामाकडे वर्ग करायचे ठरले.

सुपरवायझरला त्यांनी स्वतः भेटून सांगितले. “दसऱ्यापर्यंत थांब, एक पोरगा तयार करून दे,” एवढेच ते म्हणाले. हे गृहस्थ थांबले. दरम्यान निधीचे पासबुक तपासताना तिसऱ्या ठेकेदाराच्या काळातले सात महिने कोरे आढळले. पगारातून कपात मात्र झालेली होती. त्या महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या पत्नीने जपून ठेवल्या होत्या, त्या जोडून भविष्यनिर्वाह निधी कार्यालयात तक्रार दिली आहे.