वाचकांचे प्रश्न : संकेतस्थळाची मांडणी आणि पडद्याची रुंदी

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ बऱ्याच वर्षांपूर्वी ९६० पिक्सेलची ठरावीक चौकट धरून तयार करण्यात आले. आता बहुतेक सभासद ते मोबाइलवर उघडतात आणि अक्षरे मुंगीएवढी दिसतात. माझ्या फोनचे रिझोल्यूशन १०८० × २४०० आहे, म्हणजे तो ९६० पेक्षा रुंदच आहे; मग असे का व्हावे? कोणकोणत्या रिझोल्यूशनसाठी मांडण्या करून घ्याव्यात? की मोबाइलसाठी वेगळे संकेतस्थळच काढावे?
— एक ग्रंथपाल, सांगली जिल्हा

उत्तर : आपल्या फोनच्या काचेवर आडवे १०८० ठिपके आहेत हे खरे, परंतु ब्राउझर पानाची मांडणी त्या ठिपक्यांवर करत नाही. तो सीएसएसमधील (पानाचे रूप व मांडणी सांगणारी संगणकीय भाषा) सीएसएस पिक्सेल नावाचे वेगळे माप वापरतो, आणि आपल्यासारख्या फोनमध्ये अशा एका पिक्सेलसाठी सहसा आडवे तीन व उभे तीन ठिपके खर्ची पडतात. त्यामुळे पानाच्या हिशेबी आपला फोन केवळ ३६० पिक्सेल रुंद आहे. २०१० च्या आयफोन ४ मध्ये हेच घडले होते : ठिपके ६४० × ९६० झाले, पण पानाला मिळणारी रुंदी आधीच्या आयफोनइतकीच, म्हणजे ३२० राहिली. म्हणून फोनच्या खोक्यावरचा आकडा मांडणी ठरवताना बाजूला ठेवावा.

अक्षरे बारीक होण्याचे कारण त्याच्याच शेजारी आहे. पानाच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टची मेटा ओळ (पान किती रुंदीवर मांडायचे हे ब्राउझरला सांगणारी सूचना) नसेल, तर मोबाइल ब्राउझर ते पान संगणकासाठीच केले आहे असे समजून साधारण ९८० पिक्सेल रुंदीवर मांडतो आणि मग सगळेच आक्रसून पडद्यात बसवतो. या हिशेबाने १६ पिक्सेलचे अक्षर ३६० च्या पडद्यावर जेमतेम ६ पिक्सेलचे उरते. मेटा ओळीत रुंदी उपकरणाइतकी आणि सुरुवातीचे प्रमाण १ असे लिहिले की आक्रसणे थांबते. मात्र त्याच ओळीत बोटांनी पान मोठे करण्यास मज्जाव करणारी सूचना कोणी घातली असेल, तर ती आवर्जून काढावी, कारण ज्येष्ठ सभासदांची त्याने फार अडचण होते.

एवढ्याने काम संपत नाही. चौकट ९६० चीच राहिली तर वाचकाला प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे सरकवावे लागेल. ही चौकट १०२४ × ७६८ च्या मॉनिटरच्या काळात रूढ झाली, कारण ती त्यात सहज मावते आणि ९६० चे १२ किंवा १६ सारखे भाग पडतात. तिची ठरावीक रुंदी काढून ९६० ही कमाल रुंदी करावी आणि आतले स्तंभ पिक्सेलऐवजी प्रमाणात द्यावेत. वेब-रचनाकार ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मधील लेखात लवचिक स्तंभ, लवचिक चित्रे आणि मीडिया क्वेरी (खिडकीच्या रुंदीनुसार मांडणी बदलणारी सीएसएसमधील अट) या तिन्हींची सांगड घालून ‘रिस्पॉन्सिव्ह’ मांडणीची कल्पना मांडली, ती हीच.

राहिला प्रश्न कोणत्या रिझोल्यूशनसाठी मांडणी करावी हा. माझे स्पष्ट मत असे, की एकाही नाही. बाजारात येणाऱ्या पडद्यांची यादी कधीच पुरी होणार नाही. शिवाय लॅपटॉपवरही लोक खिडकी अर्धी करून वाचतात, आणि १२८० पिक्सेलच्या खिडकीत कोणी पान ४०० टक्के मोठे केले की तेथेही ३२० च उरतात. म्हणूनच २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यता निकषांत ३२० पिक्सेल रुंदीवर मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा, अशी अपेक्षा आहे. तेव्हा प्रथम ३२० साठी एकस्तंभी पान नीट लावावे, मग ब्राउझरची खिडकी हळूहळू रुंद करत जावे, आणि जेथे ओळ वाचायला लांब वाटू लागेल किंवा कडेला जागा ओस पडेल तेथेच मीडिया क्वेरी घालावी. तो आकडा ५७० येवो वा ७१०, आपला मजकूर तो ठरवतो.

नव्या पुस्तकांच्या यादीला तर मीडिया क्वेरीचीही गरज नाही. सीएसएस ग्रिडमध्ये (२०१७ पासून ती प्रमुख ब्राउझरांत आहे) ‘प्रत्येक स्तंभ किमान २४० पिक्सेल, मावतील तितके स्तंभ’ असे सांगितले, की कडेला व स्तंभांमध्ये १६ पिक्सेलची जागा सोडून ३६० वर एक, ६०० वर दोन आणि ९६० वर तीन पुस्तके आपोआप शेजारी बसतात.

मोबाइलसाठी वेगळे संकेतस्थळ काढू नये. वाचनालयाच्या वेळा एका ठिकाणी बदलतात, दुसरीकडे जुन्याच राहतात, आणि सभासद बंद दारापाशी येऊन उभा राहतो.

प्रश्न : ‘शतकोत्तररौप्यमहोत्सवानिमित्त’ हा शब्द आमच्या शीर्षकात आहे आणि तो मोबाइलवर पडद्याबाहेर जातो. अक्षरांमधले अंतर बदलून पाहिले, तर शिरोरेखा तुटते.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : देवनागरीत अक्षरांमधील अंतर शून्यच ठेवावे. ‘शतकोत्तर’ आणि ‘रौप्य’ यांच्यानंतर सॉफ्ट हायफन घालावा; तो एरवी दिसत नाही, जागा अपुरी पडली तरच शब्द तेथे तुटतो. शब्द कोठेही तोडणारी सर्वसाधारण सूचना केवळ शेवटचा आधार म्हणून ठेवावी, कारण ती शब्दाची जोडणी पाहत नाही. शीर्षकाचा आकार सीएसएसच्या क्लॅम्पने द्यावा : किमान १.५ रेम (एक रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराचा आकार, सहसा १६ पिक्सेल), कमाल २.५ रेम, आणि मध्ये १ रेम अधिक खिडकीच्या रुंदीचे अडीच टक्के. त्यामुळे तो ३६० वर २५ पिक्सेल आणि ९६० वर ४० पिक्सेल होतो. केवळ रुंदीच्या टक्केवारीवर आकार दिल्यास वाचकाने पान झूम केले तरी अक्षर वाढत नाही, म्हणून रेमची जोड हवी. मजकुरासाठी ओळीची उंची १.६ च्या खाली आणू नये, आणि शीर्षकाच्या पेटीला ठरावीक उंची मुळीच देऊ नये; शब्द दोन ओळींत गेला की खालचे उकार आणि वरच्या वेलांट्या कापल्या जातात.

प्रश्न : वर्गणीचा सहा रकान्यांचा तक्ता मोबाइलवर कसा दाखवावा?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : तक्ता एका पेटीत ठेवून आडवे सरकणे त्या पेटीपुरतेच द्यावे, म्हणजे बाकीचे पान जागेवर राहते. पहिला रकाना स्थिर ठेवला, तर सरकवतानाही आकडा कोणत्या वर्गणीचा आहे हे समोर दिसते. तक्त्याचे छायाचित्र काढून टाकण्याची पद्धत मात्र सोडावी. ते लहान पडद्यावर वाचता येत नाही आणि दृष्टिहीन सभासदांच्या स्क्रीन रीडरला त्यातला एकही आकडा कळत नाही.