भिगवणला जाताना ६०० मिमी लेन्स भाड्याने घ्यावी का?

पुण्याहून सुपे, भिगवण, इंदापूर, नान्नज अशी दोन मुक्कामांची पक्षी बघायची सहल, रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) उडतानाचेच फोटो हवेत, तर ६०० मिमी लेन्स भाड्याने घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

नका घेऊ. उडतानाचेच फोटो हवे असलेल्या माणसाबरोबर मी भिगवणजवळच्या कुंभारगावच्या नावेत बसलोय. आमचे साडू.

उजनी धरणाचं पाणी बऱ्यापैकी उतरलं होतं, त्यामुळे उथळ गाळात रोहितांचा मोठा थवा चरत होता. चोच उलटी पाण्यात घालून गाळून खायचं काम चाललेलं, आमच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. नावाड्याने लांबच बांबू रोवला. साडू म्हणाले, "अजून आत घे." त्याने घेतली. "अजून." पक्ष्यांनी माना वर केल्या आणि सगळे एका बाजूला चालू लागले. तेव्हा साडू म्हणतात, "आता मोटर सुरू कर, उडव एकदम. वरचे शंभर देतो."

नावाडी पोरगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, नाव जागची हलणार नाही.

"पाखरांना पंख दिलेत कशाला मग?"

"तुम्हाला पाय दिलेत म्हणून पंगतीतून उठवून पळवू का?"

काठ येईपर्यंत नावेत कुणी बोललं नाही. दुपारी त्यांनी दुसरी नाव केली आणि हवा तो फोटो काढलाच. आता तो त्यांच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय, आल्यागेल्याला चहाआधी दाखवतात. नीट बघा म्हणावं त्यात काय आहे ते: नुसत्या पाठी. एकाचंही तोंड कॅमेऱ्याकडे नाही. रोहित जागच्या जागी उडत नाही, आधी पाण्यावर धाव घ्यावी लागते. दिवसभरात आठ-दहा नावांनी असं उठवलं तर तो पार पलीकडे करमाळ्याच्या बाजूला जातो, मग तुम्ही ६०० घ्या नाहीतर ८००.

थवा आपणहूनही उडतो की. दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला तरी पाणपक्ष्यांची पळापळ होते. सकाळी ऊन पाठीशी ठेवून बसा आणि वाट बघा. हलत्या नावेत जड लेन्स सांभाळण्यापेक्षा ८×४२ची दुर्बीण न्या.

रस्ता सोपा आहे. पहाटे निघून चौफुल्याला सोलापूर रस्ता सोडा, सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य गाठा. जेमतेम पाच चौरस किलोमीटर, पण माळावर धाविक, चंडोल, पखुर्ड्या असे पक्षी, शिवाय चिंकारा. गाडीतून उतरू नका, गाडीला जनावर बुजत नाही, माणसाला बुजतं. मग भिगवण. तिथे चिलापी मासा आणि भाकरी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका. चित्रबलाक करकोच्यांसाठी भादलवाडीचा तलाव आहेच, पण मला इंदापूरच जास्त आवडतं. तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर त्यांची घरटी असतात. खाली सातबाऱ्यासाठी ताटकळणारी माणसं, वर वाढती पिलं, आणि दोघांनाही एकमेकांचं काही नाही. नान्नजच्या अभयारण्यात माळढोक दिसेल म्हणून जाऊ नका, निराश व्हाल. काळवीट दिसतील, हिवाळ्यात भोवते, नशीब असेल तर लांडगा.

कधी जावं हे विचारलं नाहीत, पण खरा प्रश्न तोच होता. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर उथळ जागा उशिरा उघड्या पडतात आणि रोहितही उशिरा येतात. जानेवारी ते मार्च धरून चाला. पट्टकदंब हंस बघायचे तर मार्च संपायची वाट बघू नका, ते हिमालयापलीकडे परतायला लागतात. रविवार टाळा.

एक मात्र कबूल करतो, सगळेच फोटोवाले आमच्या साडूंसारखे नसतात. आणि त्यांच्या पैशांवर तिथल्या मच्छीमारांची चार घरं चालतात, त्यामुळे 'उडव' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं नावाड्याला परवडत नाही. म्हणून नावेत पाय ठेवण्याआधीच सांगा, लांबूनच दाखव, आणि ते वरचे शंभर त्यासाठी द्या.