डोंगर भटकंतीच्या क्लबात फक्त ट्रेकना गेलं आणि बैठका, स्नेहमेळावे टाळले तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की चालायची मनापासून आवड आहे, पण अनोळखी माणसांत बसून गप्पा मारायचं दडपण येतं. म्हणून क्लबच्या ट्रेकना जावं आणि महिन्याच्या बैठका, मेळावे सोडून द्यावेत असा तुमचा विचार आहे. नियमाचं म्हणाल तर बहुतेक क्लब तुम्हाला अडवणार नाहीत. पण बरीच वर्षं मी अशा गटांना घेऊन डोंगरात जातेय आणि माझं मत पक्कं आहे: निदान एखादी बैठक पहिल्या ट्रेकच्या आधी गाठाच. ओळखी, मैत्री हे सगळं नंतर होतं किंवा होतही नाही. डोंगरात मात्र वेळ आली की 'थांबा' असं तोंडातून निघायला हवं, आणि ज्यांची नावंही माहीत नाहीत अशा माणसांसमोर ते निघत नाही.

टाचेचंच घ्या. बूट नवे असले की तासाभरात टाचेला एका जागी चुरचुरायला लागतं. तेव्हाच बूट काढून त्या जागेवर चिकटपट्टी लावली तर पाच मिनिटांचं काम. पण पुढे वीस माणसं चालत असतात, आपल्या एका पायासाठी सगळ्यांना कसं थांबवायचं असं वाटतं आणि माणूस दात आवळून चालत राहतो. दुपारपर्यंत फोड येऊन फुटलेला असतो. उतारावर त्या टाचेला जपताना पाऊल वाकडं पडतं, आणि घोटा मुरगळतो तो असाच. मग सगळा गट त्या एका माणसाच्या चालीने अंधार पडता पडता खाली उतरतो. गटाच्या ट्रेकमधल्या किती अडचणींची सुरुवात सकाळच्या संकोचात असते, हे मी सांगून पटणार नाही. चार ट्रेकना मागच्या माणसांबरोबर चालून पाहा.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. अंगातली ऊब कमी होऊ लागली की त्याचा पहिला परिणाम ज्याला होतो त्यालाच कळत नाही. आधी थरथर सुटते, मग बोटं नीट वळत नाहीत, पिशवीची चेन लागत नाही, शब्द अडखळतात, पाय ठेचकाळतात. त्यापुढे माणूस चिडचिडा किंवा एकदम गप्प होतो आणि 'मला काही झालं नाही' असंच सांगत राहतो. उन्हाचा त्रास वाढला तरी असाच गोंधळ उडतो. हे ओळखायचं कुणी? त्या माणसाची एरवीची बोलण्याची पद्धत ज्याला माहीत आहे त्यानेच. मुळात अबोल असलेला माणूस गप्प आहे आणि एरवी सतत बोलणारा गप्प झालाय, यातला फरक पहिल्यांदाच भेटलेल्या लीडरला कळणं कठीण आहे. बैठकीत तासभर शेजारी बसलेल्या माणसाला तो पटकन कळतो. तुम्ही कमी बोलता हे आम्हाला आधीच ठाऊक असणं, हीच तुमच्या बाबतीत मोठी उपयोगी माहिती आहे.

आता ट्रेक प्रत्यक्षात कसा चालतो ते सांगते, कारण बैठकीत ठरलेलं तिथेच उपयोगी पडतं. पुढे एक लीडर, सगळ्यात मागे दुसरा, आणि मागच्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत एक छोटा थांबा घ्यायचा: नाड्या घट्ट करायच्या, अंगावरचा जास्तीचा कपडा काढायचा, पट्टे सारखे करायचे. वाट फुटते तिथे आपल्या मागचा माणूस दिसेपर्यंत प्रत्येकाने उभं राहायचं. मोजणी फक्त सुरुवातीला करून भागत नाही. प्रत्येक थांब्यानंतर, प्रत्येक फाट्यानंतर करायची. शिट्टी पिशवीच्या आत नको, छातीच्या पट्ट्याला हवी. संकटाची खूण म्हणजे मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. ऐकणाऱ्याने मिनिटात तीन वेळा वाजवून उत्तर द्यायचं.

हळू चालणाऱ्यांबद्दल थोडं विस्ताराने सांगते, कारण तुमच्या मनातली खरी भीती ही असावी असं मला वाटतं. बऱ्याच गटांत काय होतं, की वेगाने चालणारे पुढे जाऊन दहा मिनिटं निवांत बसतात. मागचा धापा टाकत पोचतो आणि तो पोचला की 'चला, सगळे आले' म्हणत हे उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, त्याला ती दिवसभरात एकदाही मिळत नाही. त्यावर उपाय दोन. थांब्याचा वेळ शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायचा. आणि हळू चालणाऱ्याला लीडरच्या लगेच मागे घ्यायचं, म्हणजे वेग त्याचा ठरतो आणि मागे पडल्याची जाणीवही त्याला टोचत नाही. पुढे धावणाऱ्यांना हे पहिल्यांदा आवडत नाही. म्हणून ते वाटेत सांगायचं नसतं. आदल्या बैठकीत, नकाशा पसरून, आकडे मांडून सांगायचं असतं.

आकडे म्हणजे विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला हिशोब. ताशी तीन मैल चाल, आणि प्रत्येक दोन हजार फूट चढाईला वरती एक तास. आपण तो सोयीसाठी ताशी ५ किलोमीटर आणि दर ३०० मीटर चढाईला अर्धा तास असा धरतो. समजा वाट १२ किलोमीटरची आणि चढाई ६०० मीटरची आहे. चालीचे २ तास २४ मिनिटं, चढाईचा १ तास, एकूण ३ तास २४ मिनिटं. पण यात थांबे नाहीत, खाणं नाही, घसरणीची जागा नाही, पाण्यात बूट काढून ओढा ओलांडणं नाही. नवे लोक बरोबर असले तर मी याच वाटेला पाच-साडेपाच तास धरते आणि त्यावरून परत फिरायची वेळ ठरवते. ती वेळ झाली की माथा अर्ध्या तासावर दिसत असला तरी वळायचं. माथ्यावर हवाही वेगळी असते: साधारण दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरतं आणि त्यात वारा मिसळतो. हे सगळं बैठकीत आधी बोललेलं असलं की वळायच्या क्षणी वाद होत नाही. बोललेलं नसलं, तर दमलेल्या वीस माणसांत नेमकं तिथेच मतदान सुरू होतं.

ओळख झाली की सगळे सुखरूप राहतात असं मात्र मी म्हणणार नाही. इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतल्या १९७२ ते २००३ या काळातल्या ७१५ हिमस्खलन अपघातांच्या नोंदी तपासल्या. धोक्याच्या खुणा समोर दिसत असूनही लोक पुढे का गेले, याची कारणं त्यांनी मांडली, आणि ती सगळी माणसांमधली आहेत: उतार ओळखीचा वाटणं, इतरांच्या नजरेत उतरू नये ही धडपड, ठरवलंय तर करायचंच हा हट्ट, जाणकार वाटणाऱ्या एकाच्या मागे निमूटपणे जाणं. प्रशिक्षण घेतलेले लोकही ओळखीच्या उतारावर गाफील झालेले दिसले. तो अभ्यास बर्फातला असला तरी यातलं प्रत्येक कारण मी कोरड्या डोंगरातल्या गटांतही पाहिलंय. ज्या मेळाव्यात फक्त कोण किती उंच गेलं, किती वेळात गेलं याचीच चर्चा होते, तिथे नव्या माणसाचं 'थांबा' आणखी अवघड होतं. तेव्हा बैठकीला जा आणि तिथे कशाचं कौतुक होतं ते कान देऊन ऐका.

तसं पाहिलं तर चालणं आणि एकत्र बसणं या दोन गोष्टी अशा संस्थांमध्ये पहिल्यापासून जोडलेल्या आहेत. अमेरिकेतल्या मझामाज या क्लबची स्थापनाच १९ जुलै १८९४ रोजी हुड पर्वताच्या माथ्यावर झाली. निसर्ग राखण्यासाठी झटणाऱ्या तिथल्याच सिएरा क्लबने १९०१ मध्ये विल्यम कोल्बी या आपल्या सदस्याच्या पुढाकाराने उन्हाळी मोहिमा सुरू केल्या. जी दरी लोकांनी पायांनी पाहिली आहे तिच्यासाठी ते पुढे उभे राहतील, असा त्यामागचा विचार होता. रात्री शेकोटीभोवती झाडांवर, खडकांवर, दऱ्यांच्या भवितव्यावर बोलणं हा त्या मोहिमांचाच भाग होता. मला हे फार मोलाचं वाटतं. वाट नीट राहावी, पाणवठा घाण होऊ नये, यासाठी राबणारी माणसं तयार होतात ती अशा बसण्यातूनच.

आता तुमच्या दडपणाबद्दल. सगळ्या बैठका गप्पांच्या नसतात. ज्या बैठकीत हाताला काम आहे तिथून सुरुवात करा. नकाशा आणि होकायंत्र शिकवण्याची संध्याकाळ, प्रथमोपचाराचा सराव, पायवाटेवरची झुडपं तोडण्याचा किंवा कचरा गोळा करण्याचा दिवस, सामायिक दोर आणि तंबू तपासून वाळवण्याचं काम. दोघांनी मिळून तंबूची घडी घालताना विषय शोधावा लागत नाही, आणि दोन तासांनी समोरच्याची बऱ्यापैकी ओळख झालेली असते. फोटो दाखवायच्या संध्याकाळी मागच्या रांगेत बसून नुसतं ऐकलंत तरी हरकत नाही. वार्षिक सभा पहिल्या वर्षी सोडलीत तरी काही बिघडत नाही. ती हिशोबांची असते. फोनवरच्या ग्रुपमध्ये असणं म्हणजे ओळख झाली असं मात्र समजू नका. तिथे 'मी येतोय'चे अंगठे असतात, माणसाचा आवाज आणि चाल कळत नाही.

क्लब निवडताना मी लीडरला दोन गोष्टी विचारीन. माथ्याला न पोचता शेवटचं परत कधी फिरलात? आणि मागे कोण चालतं? पहिल्याचं उत्तर सहज, कारणासकट आलं तर तो गट चांगला. 'आम्ही कधीच परत फिरत नाही' असं अभिमानाने सांगणाऱ्यांबरोबर मी स्वतः जाणार नाही. दुसऱ्याचं उत्तर एखाद्या नेमलेल्या माणसाचं हवं. 'मागे कुणी ना कुणी असतंच' हे उत्तर नव्हे. गटाचा आकारही पाहा. डझनभर माणसांत लीडरला प्रत्येकाचा चेहरा दिसतो. पन्नासांत फक्त यादी उरते, शिवाय पायवाटेची आणि रानाची नासाडी होते ती वेगळीच. अनेक संरक्षित रानांत गटाच्या संख्येवर मर्यादा घालतात ती याचसाठी.

पहिल्या ट्रेकआधी बैठकीत लीडरला बाजूला घेऊन इतकं सांगा: मी नवा किंवा नवी आहे, मला अमुक औषध चालू आहे, दमा, गुडघा, उंचीची भीती जे काही असेल ते, आणि मी कमी बोलतो किंवा बोलते. औषध पिशवीच्या कुठल्या कप्प्यात आहे तेही सांगा. त्या दिवशी तुमच्यासोबत राहील असा एक माणूस नेमून मागा. चांगले लीडर न मागताही देतात. आणि पहिली वाट क्लबच्या यादीतली सगळ्यात सोपी घ्या, तुमच्या पायांत याहून जास्त दम असला तरी. म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माणसांकडे पाहायला सवड मिळेल.