इवातेच्या किनाऱ्यावर जुनं घर घेताय, म्हणून लिहिते

तुम्ही विचारलंय, जपानमध्ये इवातेच्या किनाऱ्यावर एक रिकामं घर स्वस्तात मिळतंय, दोन लहान मुलं आहेत, वणव्याच्या बातम्यांनी धास्ती वाटते, तर यावं का? व्हिसा, विमा सगळं सरकारी साइटवर आहे, ते सोडते. मी नऊ वर्षं इवातेच्याच किनाऱ्यावरच्या ओफुनातो शहरात राहतेय.

कागदांचा वैताग मात्र धरून चाला. आपलं नाव तीन शब्दांचं. रेसिडेन्स कार्डावर एका क्रमाने, बँकेत दुसऱ्याच, आणि तेवढ्यासाठी अर्ज परत. दोनदा.

मुलाच्या शाळेचं तर अजून डोक्यातून जात नाही. परदेशी मुलांना इथे शिक्षण सक्तीचं नाही, आपण अर्ज करायचा. नगरपालिकेच्या खिडकीतल्या बाईंनी गोड हसून विचारलं, "शाळेत पाठवणार आहात का?" नियमानेच विचारलं असेल. पण सहा वर्षांचं पोर माझं बोट धरून उभं होतं हो! पुढे ती शाळाही मुलं नाहीत म्हणून बंद झाली. आता बसने लांब जातो.

एकटेपणाचं म्हणाल तर होते सवय.

आता वणवा. 2025 च्या फेब्रुवारीत इथे अख्ख्या महिन्यात अडीच मिलिमीटर पाऊस झाला. 26 तारखेला आग लागली ती 5 मार्चला पाऊस आला तेव्हा कुठे दमली. 2,900 हेक्टरांहून जास्त जंगल गेलं, साडेचार हजारांवर लोकांना घरं सोडावी लागली. शेजारच्या आजी हलेचनात. 2011 च्या त्सुनामीत घर वाहून गेलं म्हणून त्या मुद्दाम वर, डोंगराच्या कडेला राहायला आल्या होत्या. शेवटी निघाल्या त्या गेलेल्या नवऱ्याच्या नावाची देव्हाऱ्यातली पाटी फुरोशिकीत, म्हणजे गाठोड्याच्या कापडात बांधून, पोटाशी धरून. औषधं घरातच राहिली. तुमचं घर बघताना मागचं सुगीचं, म्हणजे जपानी देवदाराचं जंगल किती जवळ आहे आणि त्याची देखभाल कोणी करतं का, हे आधी विचारा. बऱ्याचदा मालक म्हातारे असतात, नाहीतर शहरात.

देशभरातून अग्निशमन दल आलं, हेलिकॉप्टरं आली. पण वरून पाणी ओतलं तरी पाचोळ्याखाली निखारा धुमसत राहतो. तो माणसानेच चालत जाऊन, उकरून विझवायचा. ते काम शोबोदानचंही, म्हणजे आपापला कामधंदा सांभाळून आग विझवणाऱ्या गावकऱ्यांचं. एकेकाळी देशात असे वीस लाख होते, 2022 मध्ये आठ लाखांच्या खाली आले. आमच्या गल्लीतले काका चौसष्ट वर्षांचे. पाठीवर पाण्याची पिशवी, हातात पंप, आणि चढण.

हेच काका वणव्याआधी दोनदा आमच्या दारी आले होते, नवऱ्याने पथकात यावं म्हणून. आम्ही म्हटलं, कायमच्या वास्तव्याचे कागद होऊ देत, मग बघू. खरं कारण ते नव्हतं. आठवडाभर तो कामासाठी सेंदाई या मोठ्या शहरात असतो, आणि शनिवार-रविवार मला सोडवत नव्हता.

नंतरच्या कवायतीत मी ती पिशवी पाठीला लावून पाहिली. अठरा लिटर. गुडघ्यावरून उठताच येईना. काकांनी मागून हात दिला आणि मुलाचं वय विचारलं. तेरा, म्हटलं. अठराव्या वर्षी पथकात घेतात. "अजून पाच वर्षं," ते म्हणाले, आणि मनात स्वतःचं वय मोजत असावेत.

आम्ही सेंदाईत फ्लॅट बघतोय, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.