अमेरिकाज कपमधल्या उडत्या बोटींना शिडाच्या बोटी म्हणायचं का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही रत्नागिरीचे, आठवीतला मुलगा सतत मोबाइलवर अमेरिकाज कप आणि सेलजीपी या बोटींच्या शर्यतींचे व्हिडिओ बघतो, आणि घरात वाद असा की पाण्याला न टेकता पळणाऱ्या या बोटींना शिडाच्या बोटी म्हणायचं, की हा नुसता पैशाचा आणि यंत्रांचा खेळ. मी देवगडचा. नोकरीनिमित्त मुंबईत होतो तेव्हा तिथल्या बंदरात लेझर, म्हणजे एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी, चालवायला शिकलो, आणि तेव्हापासून या शर्यतींचा नाद लागला तो सुटलेला नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. उडण्याच्या बाबतीत मुलगा बरोबर आहे. यंत्राच्या बाबतीत तुम्ही बरोबर आहात, आणि 2027 ला इटलीत नेपल्सला होणाऱ्या पुढच्या कपमध्ये तुमचं म्हणणं आणखी खरं ठरणार आहे.

आधी उडण्याचं बघू. अमेरिकाज कपची एसी75 ही बोट सहा टनांच्या घरातली. तिला खाली दोन्ही बाजूंना हातासारखे दांडे असतात आणि त्यांच्या टोकाला पंखाच्या आकाराचं पातं, त्याला फॉइल म्हणतात. पाणी हवेपेक्षा आठशे पटींच्या आसपास दाट असल्यामुळे एवढंसं पातं वेगाने पाण्यातून गेलं की अख्खी बोट वर उचलली जाते. बोटीचं पोट पाण्याबाहेर आलं की पाण्याचं घर्षण जवळजवळ संपतं आणि वेग 50 नॉटच्या पुढे, म्हणजे ताशी 90 किलोमीटरच्या वर जातो. पण तिला पुढे ढकलणारं इंजिन कुठेही नाही. ती ताकद फक्त शिडातून येते. वारा पडला की बोट खाली बसते आणि मग कुठल्याही होडीसारखी रखडते. मोठमोठे संघ वारा पडल्यामुळे पाण्यावर बसून राहिलेले मी पाहिलेत.

आमचे तात्या, वडिलांचे चुलतभाऊ, तरुणपणी शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. ऑक्टोबर 2024 मध्ये बार्सिलोनाला न्यूझीलंड आणि ब्रिटन यांची अंतिम लढत चालली होती, तेव्हा त्यांना मोबाइल हातात दिला. बोटी वाऱ्याबरोबर खाली येत होत्या. वेगाचं आणि उडण्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल हातभर लांब धरला आणि विचारलं, "वारो खयसून आसा?" म्हटलं, पाठून. "पाठसून? मगे शीड इतक्या ताणून कित्याक धरल्यानी?"

समालोचक तासभर बोलत होते, पण मुद्द्याचा प्रश्न तात्यांनी विचारला. पाठचा वारा असेल तर शीड सैल सोडून पसरायचं, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. या बोटींचं शीड मात्र कायम आवळलेलं. कारण वारा 15 नॉट आणि बोट 40 नॉट. वारा पडलेल्या दुपारी मोटरसायकल ऐंशीने हाणली तर तोंडावर जोराचा वारा येतोच ना, तसंच. बोट वाऱ्याला मागे टाकते, त्यामुळे बोटीवरच्या माणसाला वारा पाठून लागतच नाही, तो नेहमी समोरूनच येतो. आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यासाठी शीड आवळावंच लागतं. हे समजावून सांगितल्यावर तात्या म्हणाले, "म्हणजे वारो हे आपणच तयार करतत." अगदी बरोबर. नुसता वारा घेऊन वाऱ्यापेक्षा तिप्पट वेगाने जाणं हे शिडाच्या विद्येचं टोक आहे. त्याला शिडाची बोट म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि ही बोट चुकीला माफ करत नाही. जानेवारी 2021 मध्ये ऑकलंडला अमेरिकन मॅजिक संघाची पेट्रियट ही बोट वाऱ्याकडच्या टोकाच्या खुणेला वळून वाऱ्याबरोबर खाली फिरत असताना वाऱ्याचा झोत आला, बोट हवेत उसळली आणि आडवी पडली. पोटाला भोक पडून ती बुडायला आली, तेव्हा तिला वाचवायला प्रतिस्पर्धी संघांची माणसंही धावली. इतकी वर्षं शर्यती बघतोय, पण मला सगळ्यांत जवळचं वाटलेलं दृश्य तेच. कप गेला खड्ड्यात, बोट आणि माणसं आधी. समुद्रावरची रीत तीच असते, मग बोट मिरकरवाड्याची असो की न्यूयॉर्कची.

"हे कसलं सेलिंग?" ही ओरड नवीन नाही. 1851 मध्ये अमेरिका नावाच्या बोटीने इंग्लंडच्या वाइट बेटाभोवतीची शर्यत जिंकली, तिच्यावरून या कपाला नाव पडलं. त्यानंतर न्यूयॉर्क यॉट क्लबने तो कप 132 वर्षं सोडला नाही. 1983 मध्ये ऑस्ट्रेलिया टू ही बोट आली. तिच्या तळाच्या कीलला, म्हणजे बोट उलटू नये म्हणून खाली बसवलेल्या वजनाला, बेन लेक्सन यांनी पंख लावले होते. बोट पाण्याबाहेर काढली की तिच्या तळाला कापडाचा पडदा बांधायचे, कुणाला कील दिसू नये म्हणून. न्यूयॉर्कवाल्यांनी तक्रारींचा सपाटा लावला, कील बेकायदा आहे म्हणाले. काही चाललं नाही. अमेरिकनांकडे 3-1 अशी आघाडी होती, ऑस्ट्रेलियाने ती मोडून 4-3 ने कप नेला. जिंकल्यावर पडदा काढला आणि बंदरावरच्या गर्दीने ती कील पाहिली. आज त्या कीलला कुणी फसवणूक म्हणत नाही. 1988 मध्ये न्यूझीलंडने प्रचंड मोठी एकपोटी बोट आणली, अमेरिकेने तिच्यासमोर दोन पोटांची कॅटमरान उभी केली आणि प्रकरण न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं. म्हणजे भांडण हा या कपाचा स्वभावच आहे. फॉइलवरून चाललेली ओरडही अशीच विरून जाईल, आणि जायलाच हवी.

बोटीवर आलेल्या बॅटरीचं मात्र तसं नाही, आणि इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे.

शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत 52 क्रमांकाचा नियम आहे: शिडं, दोऱ्या, डोलकाठ्या आणि तळाचे हलते भाग फक्त बोटीवरच्या माणसांच्या ताकदीवर चालले पाहिजेत. ठरावीक शर्यतींना त्यातून सूट देता येते, आणि ती सूट हळूहळू वाढत गेली. 2010 मध्ये व्हॅलेन्सियाला अलिंघी आणि ओरॅकल या संघांच्या राक्षसी बोटींवर दोऱ्या ओढायला चक्क इंजिनं होती. मग माणसं परत आली. 2017 ला बर्म्युडात न्यूझीलंडने कमाल केली. ताकद पुरवायला बाकी सगळे हातांनी चाकं फिरवत होते, यांनी बोटीवर सायकलची पायडलं बसवली, कारण पायांत हातांपेक्षा जास्त ताकद असते. सायमन व्हॅन वेल्थूवेन हा ऑलिंपिक पदक मिळवलेला सायकलपटू बोटीवर घेतला, आणि ओरॅकलला 7-1 ने हरवून कप घरी नेला. बार्सिलोनातही आठ जणांपैकी चौघं पायडल मारत होते. फॉइलचे दांडे वरखाली करायला तेव्हाही बॅटरी होती, ती मला खटकायचीच, पण शीड तरी माणसाच्या दमावर ओढलं जायचं. शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात ही माणसं फेसाटली की दोन वळणं कमी घ्यायची की नाही, हा निर्णय सुकाण्यावरच्या माणसाला त्यांचा दम बघून घ्यावा लागायचा. शर्यतीतली खरी मजा त्यात होती.

नेपल्ससाठी पायडलवाले काढून टाकलेत. पाच जणांचा संघ आणि बाकी सगळी ताकद बॅटरीची. आयोजकांचं म्हणणं खर्च आटोक्यात ठेवायचा आहे. संघांना साडेसात कोटी युरोंची मर्यादा घातली आहे, म्हणजे साडेसातशे कोटी रुपयांच्या घरात. जुन्याच बोटींची पोटं पुन्हा वापरायची, हेही ठरलंय आणि ते चांगलं आहे. पाचांत किमान एक स्त्री असलीच पाहिजे हा नियम तर फार आधी यायला हवा होता. पण खर्च कमी करायला शेकडो कोटींच्या बोटीवरून चार माणसांचे पगारच दिसावेत, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, तुमच्या कोकणात तरी कोण शीड लावतं आता? खरं आहे. तात्यांनीही इंजिन आल्यावर शीड उतरवलं. माशांच्या मागे पोटासाठी जायचं तर इंजिन हवंच, त्यात चुकीचं काहीच नाही. पण शर्यत पोटासाठी नसते. ती माणसाने वारा आणि स्वतःचं अंग एवढ्यावर काय करून दाखवलं हे बघण्यासाठी असते. त्यातलं अंग काढून घेतलं तर निम्मी शर्यत गेली.

आता पैशाचं. ब्रिटनच्या संघाला पैसा पुरवणारे इनिऑस कंपनीवाले आणि कप्तान बेन एन्सली यांची बार्सिलोनानंतर तीनच महिन्यांत फारकत झाली. चार ऑलिंपिक सुवर्णपदकं असलेला माणूस, त्याला स्वतःचा संघ पुन्हा उभा करावा लागला. त्याहून मोठा धक्का पीटर बर्लिंगचा. 2017, 2021, 2024, सलग तीन वेळा न्यूझीलंडला कप जिंकून देणारा सुकाणूधारी संघ सोडून इटलीच्या लुना रोसाकडे गेला. न्यूझीलंडच्या लोकांना हे फार लागलं असणार, आणि त्यात नवल नाही. आधीच त्यांचा कप पैशासाठी बार्सिलोनाला गेला, आता नेपल्सला चाललाय. स्वतःच्या पाण्यात जिंकलेला कप दुसऱ्याच्या बंदरात नेऊन खेळायचा, हे मला बरोबर वाटत नाही. पण बर्लिंगला मी दोष देणार नाही. चांगला तांडेल चांगल्या होडीवर जातो, हे आपल्याकडेही चालत आलंय. सेलजीपीचं गणित तर उघडच पैशाचं आहे, सगळ्यांना सारखी एफ50, किनाऱ्याला लागून छोट्या शर्यती, हॉलिवूडच्या नटांनी विकत घेतलेले संघ. बघायला रंगतदार असतं, मीही बघतो. पण तिथे बोटीवर डोकं चालवणारा नवा लेक्सन निघणार नाही, कारण बोट बदलायची मुभाच नाही.

मुलाला याच्या जोडीने दुसऱ्या दोन शर्यती दाखवा. एक व्हेंडी ग्लोब: एकटा माणूस, कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता जगाला वळसा. जानेवारी 2025 मध्ये चार्ली डालां याने ती 64 दिवस 19 तासांत संपवली. बोटीला फॉइल होते आणि सुकाणूला ऑटोपायलट होता, पण शिडं त्याने स्वतःच्या हातांनी ओढली. त्या वेळी तो कॅन्सरवर उपचार घेत होता, हे जगाला नंतर कळलं.

दुसरी गोल्डन ग्लोब, तीही एकट्याने जगाला वळसा घालायची, आणि ती आपल्या किनाऱ्याची आहे म्हणायला हरकत नाही. 1969 मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी पहिल्यांदा एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती सुहेली नावाच्या बोटीतून, आणि ती सागवानी बोट मुंबईत बांधलेली होती. त्याच धर्तीची तुरिया गोव्यात बांधून अभिलाष टॉमी 2018 मध्ये या शर्यतीत उतरले. हिंदी महासागरात वादळात डोलकाठी गेली, पाठीला गंभीर दुखापत झाली, आणि एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. 2022 मध्ये तोच माणूस पुन्हा निघाला आणि दुसरा आला. पहिली आली ती कर्स्टन नॉइशेफर ही दक्षिण आफ्रिकेची बाई. त्याच्याही आधी, 2010 मध्ये, दिलीप दोंदे यांनी गोव्यात दिवार बेटावर बांधलेल्या म्हादेईतून एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली, तसं करणारे ते पहिले भारतीय. ही सगळी कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. मराठी माणसाचं स्वप्न, मराठी माणसाने पुरं केलं, बोट शेजारच्या गोव्यातली, आणि आपल्या शाळांत हे कुठल्या मुलाला ठाऊक आहे?

व्हिडिओ बघणं पुरे झालं की त्याला पाण्यात उतरवा. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ऑप्टिमिस्ट नावाची सव्वादोन मीटरांहून थोडी मोठी होडी असते, एक शीड, एक सुकाणू, बस्स. तो आठवीत आहे, म्हणजे वेळ आहे पण फार नाही. 2023 च्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने सेलिंगमध्ये रौप्य मिळवलं. ती मध्य प्रदेशची, भोपाळच्या तलावात शिकली. समुद्र नसलेल्या राज्यातून पदक येतं आणि आपल्या एवढ्या लांब किनाऱ्यावरून मुलं येत नाहीत, याचा मला मनापासून राग येतो. मुंबईत आणि गोव्यात शिकवणारे क्लब आहेत, दिवाळीनंतर आणि मे महिन्यात विचारून बघा, आणि आधी त्याला नीट पोहता येतंय ना ते पाहा. तोवर भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी न्या आणि वारा कुठून येतोय ते डोळे मिटून, गालावर ओळखायला सांगा. नेपल्सच्या शर्यती 2027 च्या जुलैत आहेत. तेव्हा आपल्याकडे मासेमारी बंद असते, तांडेल घरीच असतात. त्यांच्यापैकी एखाद्याला शेजारी बसवून बघा, समालोचन बंद करून.