उपेक्षा चौथी आहे

अरे,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला, मी वाचला सकाळी चहा घेता घेता, आणि चहा तसाच गार झाला. एवढा लांबलचक मेसेज आणि शेवटी प्रश्न काय, तर 200 तासांचा योगा टीचर ट्रेनिंग कोर्स इथेच ठाण्यात करू की ऋषिकेशला जाऊ. ते नंतर बघू. मी अडकले मधल्या एका वाक्यापाशी. "सध्या ऑफिसमध्ये आणि घरी उपेक्षा प्रॅक्टिस करतोय काकू, खूप शांत वाटतंय."

शांत वाटणारच. दार लावून घेतलं की शांतच वाटतं.

उपेक्षा चौथी आहे रे. पतंजलींच्या योगसूत्रांतलं, पहिल्या म्हणजे समाधिपादातलं तेहतिसावं सूत्र, तूच क्लासमध्ये घडाघडा म्हणून दाखवलं होतंस, मैत्रीकरुणामुदितोपेक्षाणां. बोटांवर मोज. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्य करणाऱ्याबद्दल मुदिता म्हणजे त्याचं चांगलं बघून आपल्याला आनंद, आणि सगळ्यात शेवटी, जो अपुण्य करतोय त्याची उपेक्षा. असं केलं की चित्त निवळतं. प्रसादन म्हणजे निवळणं, गढूळ पाणी निवळतं तसं.

आता तुझ्याच मेसेजमधली माणसं घे. एक तुझा मित्र, तुझ्याबरोबर एकाच दिवशी जॉइन झाला, तो टीम लीड झाला आणि तू नाही झालास, तेव्हापासून त्याच्याबरोबरचा चहा बंद. दुसरे तुझे बाबा, रोज फोनवर गुडघ्यांचं रडगाणं लावतात, म्हणून तू आता दोन दिवसांतून एकदाच उचलतोस, कारण निगेटिव्हिटी नको. तिसरी ती टीममधली मुलगी, रविवारी येऊरच्या पाड्यावर पोरांना शिकवायला जाते आणि फोटो टाकते, ती तुला शो-ऑफ वाटते. बघ जरा. एक सुखी, एक दुःखी, एक पुण्य करणारी. सूत्रातली तिन्ही माणसं तुझ्या दारात येऊन उभी आहेत, आणि तू तिघांना एकच औषध देतोयस, तेही चौथ्याचं. यात पापी कोण आहे ते सांग मला.

आणि डिटॅच झालोय, वैराग्य येतंय वगैरे लिहिलंयस ना, त्याने तर माझं डोकंच फिरलं. वैराग्य म्हणजे विषयांची तहान सुटणं. पंधराव्या सूत्रात वितृष्ण असा सरळ शब्द आहे. बाबांचा फोन न उचलणं त्यात कुठे बसतं? तुझी तहान तर जशीच्या तशी आहे, टीम लीडच्या खुर्चीची.

रागावू नकोस. मी हे एवढं ठासून सांगतेय कारण नऊ वर्षं मी हेच केलं.

आमच्या जुन्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट झालं तेव्हा जाऊबाईंना कोपऱ्यातला मोठा फ्लॅट मिळाला, वर टेरेसचा तुकडा. आम्हाला मधला, अंधारा. मी भांडले नाही, एक शब्द वाईट बोलले नाही, आणि याचाच मला केवढा अभिमान होता. मी म्हणायचे, मी उपेक्षाभाव ठेवलाय. जिन्यात समोर आल्या की माझी नजर भिंतीवर. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, जिला मी माझ्या हाताने पोळीचा काला भरवलाय, पत्रिका आली, आणि मी गेले नाही. हॉल घंटाळी देवळापासून पाच मिनिटांवर. सनई घरात ऐकू येत होती आणि मी बेडरूममध्ये आसनावर बसून अनुलोम-विलोम मोजत होते. एक आवर्तनसुद्धा चुकलं नाही माझं. तेव्हा मला ती प्रगती वाटली होती!

आता तू हुशार आहेस, म्हणशील, काकू, चौतिसाव्या सूत्रात वा आहे, प्रच्छर्दनविधारणाभ्यां वा प्राणस्य, म्हणजे मैत्री जमत नसेल तर श्वासाने चित्त निवळव, ऑप्शन दिलाय. मी पण हेच धरून बसले होते, बरीच वर्षं. मग वाचस्पती मिश्रांची टीका, म्हणजे सूत्रांच्या भाष्यावरचं त्यांचं विवरण, वाचली आणि गप्प झाले. ते म्हणतात हा वा पुढे येणाऱ्या उपायांपुरता आहे, मैत्री वगैरेला तो पर्याय नाही, ती बरोबर हवीच. हजार वर्षांपूर्वीच माझी पळवाट बुजवून ठेवली होती त्यांनी.

आणखी पुढे जा. तिसऱ्या पादात, विभूतिपादात, परत तोच विषय येतो, मैत्र्यादिषु बलानि. तिथे व्यासभाष्य, म्हणजे सूत्रांवरचं जुनं भाष्य, सांगतं, भावना तीनच, मैत्री, करुणा, मुदिता. उपेक्षा ही भावनाच नव्हे, तिच्यावर समाधी नाही, म्हणून तिच्यातून बळही नाही. कळतंय का? तू ज्याची प्रॅक्टिस करतोयस त्यात प्रॅक्टिस करण्यासारखं काही नाहीच. पहिली तीन करायची असतात. चौथ्यात फक्त सोडून द्यायचं असतं, तेही खरंच कोणी वाईट वागत असेल तर.

तरी एक सांगते, टेरेसच्या बाबतीत माझं अगदीच चुकलं नव्हतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं एक आणि कागदावर आलं भलतंच, आणि तेव्हा घरात मला कोणी विचारलं नाही, सगळे पुरुषच बोलत होते. पण मला जे डाचत होतं ते कागदाचं नव्हतं रे. त्या सुखी होत्या, ते डाचत होतं. सुखी माणसाचं काय करायचं ते पहिल्या शब्दात लिहिलेलं होतं आणि मी धावत चौथ्यावर गेले, कारण तो सोपा दिसतो आणि वर योग्यासारखं पण वाटतं.

सगळ्यात अवघड पहिलाच आहे. बाबांवर करुणा तुला जमेल, तू मुळात मायाळू आहेस. पण बरोबरीच्या मित्राला मिळालं आणि आपल्याला नाही, तिथे मैत्री? तिथे दात-ओठ आवळले जातात. ते आवळलेले दात घेऊनच जा. पेढे कुठायत म्हणून विचार त्याला, सगळ्यांसमोर. मामलेदारची मिसळ खायला घेऊन जा, पैसे तू दे. आतून काही वाटणार नाही पहिल्यांदा, खोटं वाटेल, वाटू दे. भावना म्हणजे फीलिंग नव्हे, औषधाला भावना देतात तशी, पुन्हा पुन्हा त्याच रसात घोटायची.

ठाणे ते ऐरोली ट्रेनमध्ये किती, दहा मिनिटं? आता मध्ये दिघा गाव थांबते म्हणून जरा जास्त. तेवढ्यात बाबांना फोन होतो. गुडघ्यांचं ऐकून घे, उपाय सुचवत बसू नकोस, आणि कृपा करून वज्रासन सांगू नकोस.

कोर्सचं म्हणशील तर कर की, मी नाही म्हणत नाही. पण एक लक्षात घे, योगसूत्रं 195, त्यातली आसनावरची फक्त तीन. 200 तासांतले किती तास कशाला जातात ते आधी विचारून घे आणि मग फी भर. ऋषिकेशला गेलास तरी तिथे तुझा मित्र नाही, बाबा नाहीत, ती येऊरवाली नाही. मग तेहतिसावं कुणावर करणार, गंगेवर?

बरं, थांबते. पाचला जाऊबाईंकडे जायचंय, त्यांना मोतीबिंदूचे थेंब घालायला, मुलगी बंगलोरला असते. बोलतो आता आम्ही, डाळीचे भाव, पाणी किती वाजता आलं, एवढंच. टेरेसचा विषय काढायचा नाही असं ठरवून चाललेय. मागच्या आठवड्यातही ठरवलं होतं.

काकू