मदत मागितली तर नातवाला घेऊन जातील का?

सोलापुरात नातवंडं एकट्याने सांभाळणाऱ्या आज्या, विधवा आया, नवऱ्याने सोडलेल्या बायका यांच्याशी बोलताना एक प्रश्न कधी ना कधी निघतोच. सरकारी मदतीचा अर्ज केला की साहेब लोक घरी येतात, घराची कळा बघतात आणि लेकराला ‘रिमांड होम’ला टाकतात, हे खरं का? या धास्तीपायी कित्येक जणी हक्काच्या पैशांवर पाणी सोडतात. काही जणी पोरालाच लपवून ठेवतात.

पूर्वभागातल्या एका आजीने तेच केलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) यंत्रमागावर काम करणारा मुलगा वारला, सुनेचं माहेरच्यांनी दुसरं लग्न लावून दिलं, आणि सहावीतला नातू आजीपाशी राहिला. तो शाळेत जाईनासा झाला. वर्गशिक्षकांनी निरोपावर निरोप धाडले आणि शेवटी वैतागून म्हणाले, “आता 1098 लाच फोन करतो.” सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी पोरगं अक्कलकोटला आत्याच्या घरी पोचलं होतं. 1098 ही संकटातल्या मुलांसाठी चोवीस तास चालणारी मदतवाहिनी. तीच दंडुक्यासारखी उगारली तर माणसं लांब पळणारच.

शेजारणीने गळ घातली म्हणून मी आजीच्या घरी गेले. ती बिड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला भिजवलेली पानं. पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. बोलताना तिचे हात एकदाही थांबले नाहीत. मान वर न करता तिने विचारलं, “गरीब हाव म्हणून नेतेत का ओ मॅडम?”

नाही. गरिबी हे मूल काढून घेण्याचं कारण होत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानली आहे, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. तो निर्णयही शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा हवालदार घेत नाही. तो घेते बालकल्याण समिती, म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य. त्याआधी घरची चौकशी होते आणि मुलाचं म्हणणं ऐकलं जातं. शिवाय लोक ज्याला रिमांड होम म्हणतात ते निरीक्षणगृह, गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी. काळजी-संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची सोय बालगृहात होते.

एवढंच सांगून थांबले असते तर आजी खूश झाली असती. पण घरात मारहाण, लैंगिक छळ, उपासमार असेल किंवा सांभाळणारं कुणीच नसेल, तर समिती मुलाला हलवू शकते, आणि अशा वेळी मी समितीच्याच बाजूने असते. हेही तिला सांगितलं. आणि नातू बिड्यांची टोकं मुडपतो, कट्टे बांधतो, ते बंद करायला लागेल, हेही. चौदा वर्षांखालच्या मुलाने घरच्या धंद्याला शाळेनंतर हात लावायची सूट कायद्यात आहे, पण धोक्याच्या कामांना नाही, आणि बिडी त्यात येते. आजी गप्प झाली. मग म्हणाली, “त्याचे हात लागले नाहीत तर माल कमी पडतो.” यावर माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं, पैशांचा रस्ता काढल्याशिवाय तसं ते कुणाकडेच नसतं.

आठवडाभराने आत्याने मुलाला परत आणलं. तो शाळेत का जात नव्हता? बिड्यांमुळे, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. त्याने सांगितलं ते निराळंच. पालकसभेला कुणी आलं नाही म्हणून “घरून कुणाला तरी घेऊन ये, मगच बस” असं त्याला सांगितलं होतं. पालकसभा सकाळी, आणि नेमकी तीच आजीची कारखान्यात माल द्यायची वेळ. ती वेळ चुकली तर दिवसाची मजुरी बुडते. पोराने हे ना शाळेत सांगितलं, ना घरी. दप्तर घेऊन निघायचा आणि गल्लीच्या तोंडाशीच बसून राहायचा. पुढे तेही सोडलं.

मग सर, आजी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या, म्हणजे मुलांच्या मदतीचं आणि संरक्षणाचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयातल्या सामाजिक कार्यकर्त्या, तिघांना संध्याकाळी आजीच्याच घरी बसवलं. आजीने आधी सगळं झाडून काढलं होतं आणि सूप कुठेतरी दडवलं होतं, तरी तंबाखूचा वास जातोय होय! कार्यकर्त्या ताईंनी त्याची चर्चा केली नाही. मुलाला बाजूला घेऊन कुठे झोपतोस, काय खातोस, भीती कुणाची वाटते, एवढं विचारलं. सर पहिल्यांदाच त्या घरात आले होते. उठताना ते म्हणाले, “आजी, सभेला नाही जमलं तर मला फोन करा, मीच येऊन जाईन.” माझ्या मते मुलगा शाळेत परतला तो या वाक्यावर. योजना नंतरची.

योजना म्हणजे क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, महिन्याला 2250 रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेतलं प्रायोजकत्व, म्हणजे मुलासाठी दरमहा मिळणारी मदत, 4000 रुपयांचं आहे, पण त्याला शहरात वर्षाला 96,000 रुपये उत्पन्नाची अट आहे. बालसंगोपनच्या अर्जासाठी वडिलांचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, दोघांची आधारकार्डं, शाळेचा बोनाफाईड, बँक खातं. आजी पिशवी घेऊन हिंडली. एका कार्यालयात तिला “आईची सही आणा” म्हणून परत पाठवलं. आई दुसऱ्या घरी नांदत असल्याचं अर्जातच लिहिलं होतं, पण वाचतो कोण?

इथे माझी तक्रार आहे, आणि ती माणसांपेक्षा रचनेवर आहे. शाळा महापालिकेची, बाल संरक्षण कक्ष राज्याच्या महिला व बालविकास खात्याचा, उत्पन्नाचा दाखला महसूलचा. मूल एकच, फायली तीन, आणि त्यांना जोडणारी व्यक्ती म्हणजे बिड्या वळणारी सत्तरीची बाई. फार काही नको. प्रत्येक शाळेच्या भिंतीवर बाल संरक्षण कक्षातल्या माणसाचा नंबर असावा आणि गैरहजेरी वाढली की मुख्याध्यापकांनी स्वतः तो फिरवावा. शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याने तीन चतुर्थांश पालक असतात. कामगार वस्तीत सभा किती वाजता घ्यायची, हे त्यांनी ठरवलं तरी बरंच होईल.

पैसे सुरू झाले. दरमहा येत नाहीत, साचून येतात, त्यामुळे किराणा उधारीवरच चालतो. शनिवारी पोरगं अजून दांडी मारतं, आणि वाचनात मागेच आहे. सर शाळा सुटल्यावर त्याला थांबवून घेतात.

तुमचीही धास्ती अशीच असेल तर बाल संरक्षण कक्षात जाताना शेजारची किंवा बचत गटातली एखादी बाई सोबत न्या, अर्जाची पोच घ्या, आणि गृहभेटीला आलेल्या माणसाला सरळ विचारा, “हे मदतीसाठी आहे की मूल हलवण्यासाठी?” विचारायचा हक्क आहे तुम्हाला.

आजीचा आताचा प्रश्न वेगळा आहे: मी गेल्यावर याचं कोण? अक्कलकोटची आत्या तयार आहे, तिचा नवरा अजून नाही. पुढच्या भेटीला दोघांनाही बोलावलं आहे.